येणे बाकी

आबांच्या पेटीतली शेवटची वही माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पुठ्ठ्यावरचं लाल कापड कोपऱ्यांत विरलं होतं आणि शिवणीच्या घडीत सरकीचं एक वाळकं बी अडकून बसलं होतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, खामगावात कापसाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकान मालकाचं, पण दुकानाची पत आबांच्या अक्षरात होती. हंगामात पहाटेपासून गाड्या लागायच्या. आबा गाडीवरच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढायचे, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढायचे आणि तुटलेल्या टोकांकडे डोळे बारीक करून बघायचे. धागा किती लांब आहे हे त्या एका ओढीत कळायचं. मग घासाघीस, मग भाव, आणि मग गादीवर बसून लिहिणं.

वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाची बोटं आहेत, वर 'श्री' आणि खाली 'शुभ लाभ'. दुसऱ्या पानापासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: मागील बाकी पुढे ओढली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही सुरू व्हायची आणि जुन्या वहीतली येणी एकेक करून तिच्यात उतरायची. त्यात मेलेल्या माणसांची नावंही असायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांतलं एक नाव ओळखलं. आमच्या वाड्यासमोरच राहायचे ते. मी म्हणालो, "आबा, हे तर गेले ना?" आबा लिहिता लिहिताच म्हणाले, "माणूस गेला रे, खातं कुठं गेलं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही. खामगावच्या कापसाची हकिगत शोधता शोधता मी १८६१ सालापाशी पोचलो, तिथून अटलांटिकपलीकडे दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदरात, आणि तिथल्या कापूसवाल्यांच्या हिशेबांत वाचता वाचता अडकलो, तेव्हा हेच वाक्य सोबतीला होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचा जो मधला व्यापारी असायचा त्याला इंग्रजीत 'फॅक्टर' म्हणत. शब्दकोशात दलाल, मुखत्यार असे अर्थ सापडतात. मला ते पटत नाहीत. हा माणूस अडत्या होता, अगदी आमच्या बाजारातला. मळेवाल्याचा कापूस तो आपल्या गोदामात उतरवून घेई, नमुना काढी, धागा ओढून पाही, गिऱ्हाईक शोधी आणि विक्रीवर साधारण अडीच टक्के अडत घेई. मुख्य म्हणजे तो उचल देई. पेरणीच्या आधी बियाणं, नांगर, खारवलेलं मांस, कापडचोपड, घरातल्या बाईमाणसांचे झगे, मुलांच्या शाळेची फी, सगळं अडत्याच्या नावावर. पीक आलं की ते त्याच्याच गोदामात यायचं. आणि त्याच्याकडे तरी पैसा कुठून यायचा? न्यूयॉर्कमधून आणि लिव्हरपूलमधून, हुंडीवर आणि उधारीवर. पेरलेल्या बियाण्यापासून लिव्हरपूलच्या बंदरापर्यंत जमिनीचा एक वितभर तुकडाही बिनकर्जाचा नव्हता. १८६०मध्ये इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला पाचात चार वाटा अमेरिकेचा होता. हा सगळा डोलारा पुढच्या हंगामाच्या भरवशावर उभा होता.

१२ एप्रिल १८६१ला अमेरिकेपासून फुटून निघालेल्या दक्षिणेनं चार्ल्सटनच्याच खाडीतल्या फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झालं. आठवड्याभरात, १९ तारखेला, अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लढायांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मन अडकलं ते एका साध्या प्रश्नात: ज्यांनी आदल्याच महिन्यात उत्तरेकडून माल उधार आणला होता त्यांचं काय झालं?

असा एक व्यापारी न्यायालयाच्या कागदपत्रांत सापडतो. जॉर्ज ब्रफी त्याचं नाव, राहणार व्हर्जिनिया. १८६१च्या मार्चमध्ये त्यानं पेनसिल्व्हेनियाच्या व्यापाऱ्यांकडून माल घेतला, पैसे नंतर द्यायचे होते. दक्षिणेतला प्रत्येक दुकानदार करायचा तसाच हा व्यवहार. उत्तरेच्या ठोक व्यापाऱ्याकडून सहा महिने, कधी वर्षाच्या बोलीनं माल उचलायचा आणि कापूस विकला गेला की फेडायचं. महिन्याभरात युद्ध पेटलं आणि ब्रफीचा सावकार एका रात्रीत शत्रू झाला.

दक्षिणेच्या नव्या सरकारनं २१ मे १८६१ला कायदा केला: शत्रूला देणं फेडू नका, तेच पैसे आपल्या खजिन्यात भरा आणि दाखला घ्या. ३० ऑगस्टला दुसरा कायदा आला, जप्तीचा. उत्तरेच्या लोकांचं दक्षिणेत जे काही असेल, जमीन, माल, येणी, ते सगळं सरकारजमा. लोकांना शपथेवर विचारलं जाऊ लागलं की तुम्ही उत्तरेला किती लागता. चार्ल्सटनचे जेम्स पेटिग्रू हे म्हातारे वकील तेवढे आडवे आले. दक्षिण फुटून निघाली तेव्हाही ते उघडपणे विरोधात होते. १८६१च्या ऑक्टोबरमध्ये ते न्यायालयात उभे राहिले आणि म्हणाले, माणसाला त्याच्या खासगी देण्याघेण्याची माहिती सरकारनं अशी विचारायची नाही. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

ब्रफीचं देणं १८६२मध्ये जप्तीत गेलं आणि सरकारी अधिकाऱ्याकडे भरलं गेलं. खातं मिटलं असं ब्रफीकडच्यांना वाटलं असेल. कायद्याप्रमाणे वागलो, पैसे दिले, पावती घेतली, यापरतं व्यापाऱ्यानं करायचं तरी काय? युद्ध संपलं, ज्या सरकारनं पावती दिली होती ते सरकारच उरलं नाही, ब्रफीही वारला होता, आणि पेनसिल्व्हेनियाचे व्यापारी जुनं बिल घेऊन त्याच्या मालमत्तेच्या कारभाऱ्याकडे आले. व्हर्जिनियाच्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवलं. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथं ठरलं की बंडखोर सरकारची जप्ती कायद्यानं जप्तीच नव्हे, त्यामुळे तिथं भरलेला पैसा म्हणजे फेड नव्हे. देणं अजून बाकी आहे. व्हर्जिनियाच्या न्यायालयानं तो हुकूम जुमानला नाही, तेव्हा खटला दुसऱ्यांदा वॉशिंग्टनला आला आणि सर्वोच्च न्यायालयानं शेवटी निकाल आपणच लिहून टाकला. तोवर १८८० साल उजाडलं होतं. मार्च १८६१चा माल, त्याची एकोणीस वर्षांची येणे बाकी, मेलेल्या माणसाच्या नावावर.

हा खटला पहिल्यांदा वाचला त्या रात्री मी उठून आबांची वही काढली आणि ते नाव पुन्हा पाहून घेतलं.

ब्रफी लहान माणूस. चार्ल्सटनचा जॉर्ज ट्रेनहोम मोठा, इतका की त्याच्या पडण्याचा आवाज अटलांटिकच्या दोन्ही काठांवर गेला. जन्म १८०७चा. वडील गेल्यावर कोवळ्या वयात जॉन फ्रेजर यांच्या पेढीत चिकटला आणि पुढे ती पेढीच त्याची झाली. चार्ल्सटनमध्ये जॉन फ्रेजर, न्यूयॉर्कमध्ये ट्रेनहोम ब्रदर्स, लिव्हरपूलमध्ये फ्रेजर ट्रेनहोम, असा तिहेरी पसारा. धक्के, गोदामं, जहाजं, मळे, रेल्वेचे शेअर, सगळं त्याच्याकडे होतं. आणि मळ्यांवर राबणारी, खरेदी केलेली माणसं होती. रटलेज अव्हेन्यूवरचा त्याचा खांबांचा वाडा आजही उभा आहे, तिथं आता मुलींची शाळा भरते.

नाकेबंदीनं इतर अडत्यांच्या तोंडचं पाणी पळालं, ट्रेनहोमनं तिच्यातूनच वाट काढली. वेगवान, बुटक्या, राखी रंगाच्या आगबोटी रात्री अंधारात नासाऊ किंवा बर्म्युडाहून निघायच्या, बंदुका, दारूगोळा आणि चैनीचा माल घेऊन यायच्या आणि जाताना कापूस भरून न्यायच्या. दक्षिणेत मातीमोल झालेला कापूस लिव्हरपूलला सोन्याच्या भावानं जायचा. त्याची लिव्हरपूलची पेढी दक्षिणेच्या सरकारची युरोपातली तिजोरी बनली. १८६४च्या जुलैमध्ये तो त्या सरकारचा अर्थमंत्रीही झाला.

ती तिजोरी कशी होती ते तिच्या नोटाच सांगतात. १८६४च्या नोटेवर छापलेलं असे की अमेरिकेशी तह झाल्यानंतर दोन वर्षांनी ही रक्कम धारकाला दिली जाईल. म्हणजे नोट कसली, ती वायद्याची चिठ्ठीच होती, आणि वायदा युद्ध जिंकण्याचा. त्याच वर्षी सरकारनं लोकांना सांगितलं की जुन्या तीन डॉलरच्या बदल्यात नवे दोन घ्या. शेवटी शेवटी सोन्याच्या एका डॉलरला या कागदाचे साठ डॉलर पडू लागले. ज्या अडत्यानं मळेवाल्यांची जुनी उचल या नोटांत परत घेतली, कारण ती नाकारणं देशद्रोह ठरला असता, त्याची वही वरून बघितली तर चोख. सगळी येणी वसूल. आणि पेटीत रद्दी.

माल तरी हाती राहावा, तर तोही राहिला नाही. पहिल्या उन्हाळ्यात दक्षिणेनं आपणहून कापूस अडवून धरला. कापसावाचून इंग्लंडचे हाल होतील आणि इंग्लंड आपल्या बाजूनं उतरेल अशी त्यांची खात्री होती. इंग्लंडच्या गोदामांत मागचा साठा पडून होता, ते ढिम्म हललं नाही. मग उत्तरेच्या हाती लागू नये म्हणून कापूस जाळायला सुरुवात झाली. १८६२च्या एप्रिलमध्ये शत्रूच्या बोटी मिसिसिपीतून वर येऊ लागल्या तेव्हा न्यू ऑर्लीन्सच्या धक्क्यावर गाठींचे ढीगच्या ढीग पेटवून दिले. जळता कापूस कसा जळतो ते मी खामगावात एकदा पाहिलंय, एका जिनिंगच्या आवारात. ज्वाळा दिसत नाहीत फारशा. गाठ आतून धुमसत राहते, दोन दोन दिवस, वरून पाणी मारलं तरी. विझली म्हणून पट्ट्या तोडल्या की आतून लाल डोळा उघडतो. न्यू ऑर्लीन्सच्या त्या धक्क्यावर जळणारी प्रत्येक गाठ कुणाच्या तरी उचलीची परतफेड होती.

इथं आपल्याकडची गोष्ट येते. तिकडं आग लागली तेव्हा इकडं मुंबईत सोनं पिकत होतं. कापसाच्या भावानं पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त टाकले असा हिशेब सांगतात. आमच्या वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून जायचा, उमरावतीवरून. इंग्लंडच्या गिरणी कामगारांना आपला आखूड धाग्याचा माल नकोसा वाटायचा, सारखा तुटायचा, पण दुसरा होताच कुठे? मुंबईत समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या चढ्या भावानं विकला गेला. मग १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी कोण कुणाला काय देणार? ज्यांच्या शब्दावर बँका चालत होत्या त्या प्रेमचंद रायचंदांनीही हात टेकले, आणि बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये गुंडाळावी लागली. त्यांनी आईच्या नावानं देऊ केलेल्या पैशांचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७मध्ये. तोवर तेजी ओसरून गेली होती.

एकाच कापसानं दोन बंदरं बुडवली, एक युद्ध सुरू झाल्यामुळे आणि दुसरं ते संपल्यामुळे. पण मुंबईची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मी पुन्हा चार्ल्सटनकडे जातो.

२ एप्रिल १८६५च्या रात्री दक्षिणेची राजधानी रिचमंड सोडून पळालेल्या आगगाडीत ट्रेनहोम होता, आजारी. २७ तारखेला दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट मिलला त्यानं राजीनामा दिला. त्याला पकडून सव्हाना नदीच्या मुखाशी असलेल्या फोर्ट पुलास्कीत डांबलं. अध्यक्ष जॉन्सननं २९ मेला सर्वसाधारण माफी जाहीर केली होती, पण वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्या बंडखोरांना तिच्यातून वगळलं. त्यांनी एकेकट्यानं अर्ज करायचा. त्या उन्हाळ्यात दक्षिणेचे व्यापारी आपली मालमत्ता वीस हजारांच्या वर जाते का खाली याचा हिशेब करत बसले असतील. ट्रेनहोमला माफी मिळाली १८६६मध्ये. पण सरकारनं त्याच्या पेढ्यांवर दावे लावले. दक्षिणेच्या सरकारचा जो माल आणि पैसा त्यांच्या ताब्यात होता तो आता आमचा, असं एक म्हणणं. दुसरं म्हणणं असं की नाकेबंदी फोडून जो माल आणलात त्यावरची आयात जकात भरा. १८६७मध्ये पेढ्यांचं दिवाळं निघालं.

मला वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. पोरक्या वयात नोकरीला लागलेला पोरगा, अंगच्या कर्तबगारीनं वर आलेला, साठीला सगळं गमावून बसलेला. अडत दुकानाच्या अंगणात वाढलेल्या माणसाला दिवाळं शब्द ऐकला की पोटात कालवतंच. आमच्या बाजारात एका दुकानाचं दिवाळं निघालं तेव्हा आईनं मला त्या गल्लीतून जायला मनाई केली होती, त्यांच्या घरच्यांना आपण बघू नये म्हणून. पण वाचत गेलो तसं ते वाईट वाटणं माझ्याच गळ्यात अडकायला लागलं, कारण त्या वह्यांमध्ये काय काय जमेला धरलेलं होतं ते दिसू लागलं.

अडत्या उचल द्यायचा ती तारणावर. जमीन हे तारण खरं, पण जमीन हलत नाही, विकायला वेळ लागतो. सर्वांत भरवशाचं तारण होतं माणूस. नाव, वय, अंगकाठी, किंमत. १८६०च्या खानेसुमारीत दक्षिणेत सुमारे चाळीस लाख गुलाम होते आणि त्यांची एकूण किंमत देशातल्या सगळ्या कारखान्यांपेक्षा आणि रेल्वेपेक्षा जास्त धरली जाई. २००५ साली जेपी मॉर्गन चेस या बँकेनं जाहीर केलं की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे तेरा हजार गुलाम माणसं तारण म्हणून घेतली होती, आणि कर्ज बुडाल्यावर त्यांतली साडेबाराशे बँकांच्या मालकीची झाली. एखाद्या मळेवाल्याचा हप्ता चुकला की कुणाची तरी आई एका गावात आणि लेक दुसऱ्या गावात विकली जायची. वहीत ते 'वसुली' म्हणून लिहिलं जायचं, स्वच्छ अक्षरात.

म्हणून १८६५ला जे बुडालं असं आपण म्हणतो, त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे चाळीस लाख माणसांचं सुटणं. व्यापाऱ्याच्या वहीत जे नुकसान, ते माणसाच्या आयुष्यात स्वातंत्र्य. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं हे पक्कं केलं: बंडासाठी काढलेलं कुठलंही कर्ज सरकार फेडणार नाही आणि गुलाम सुटल्याबद्दल कुणाला भरपाई मिळणार नाही, असे सगळे दावे रद्दबातल. इंग्लंडनं १८३३मध्ये आपल्या वसाहतींतल्या मालकांना दोन कोटी पौंड मोजले होते. इथं मालकांना काही मिळालं नाही, हे मला योग्यच वाटतं. सुटलेल्यांनाही काही मिळालं नाही. ते मात्र लागतं मनाला.

आणि तरीही ती खाती मिटली नाहीत. ब्रफीनं माल घेतला त्याच मार्च १८६१मध्ये आर्कान्सामध्ये एक माणूस उधारीवर विकला गेला. विकणाऱ्यानं हमी लिहून दिली होती की तो आजन्म गुलाम आहे. युद्ध झालं, गुलामगिरी संपली, तो माणूस मोकळा झाला. घेणाऱ्यानं पैसे द्यायला नकार दिला, विकणारा न्यायालयात गेला, आणि १८७२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की करार झाला तेव्हा कायदेशीर होता, सबब पैसे द्यावेत. माणूस आपल्या पायांनी हिंडत असेल कुठेतरी आणि त्याची किंमत दोन गोऱ्यांच्या खात्यात अजून बाकी होती. मी हा निकाल वाचून बराच वेळ काही केलं नाही. चहा गार झाला.

मोडलेला अडत्या पुन्हा उभा राहिला तो वेगळ्या रूपात. दक्षिणेत बँका उरल्या नव्हत्या. सुटलेल्या माणसांकडे हात होते, जमीन नव्हती. जमीन होती त्यांच्याकडे रोकड नव्हती. मग बटईची शेती आली आणि प्रत्येक चौरस्त्यावर एक दुकान आलं, उधारीवर मका, मांस, कापड देणारं. राज्यांनी कायदे केले की दुकानदाराला उभ्या पिकावर बोजा चढवता येईल. दुकानात एकाच जिनसेचे दोन भाव, एक रोखीचा आणि एक उधारीचा, आणि दोहोंतला फरक धरला तर व्याज वर्षाला पन्नास टक्क्यांच्याही वर जायचं. आपल्या गावाकडे ज्याला सवाई-दिढी म्हणत, तीच. पीक कुठलं घ्यायचं तेही दुकानदार सांगायचा: कापूसच. डिसेंबरात हिशेब व्हायचा. थोडं देणं राहायचंच. ते पुढच्या वर्षाच्या वहीत ओढलं जायचं.

काही सुटलेल्या माणसांनी पैसे साठवलेही. १८६५मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्यांच्यासाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली. मजूर, धोबिणी, सैन्यातून आलेले शिपाई, यांनी एकेक डॉलर टाकला. ती १८७४मध्ये बुडाली, ६१,१४४ खातेदारांचे जवळपास तीस लाख डॉलर घेऊन. तिच्या शेवटच्या महिन्यांत फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून निसटून पुढारी झालेले, तिचे अध्यक्ष होते आणि ती वाचवायला त्यांनी स्वतःचे दहा हजार घातले होते. ट्रेनहोमनं तोवर कापसाचा धंदा पुन्हा मांडला होता. त्याच १८७४मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला.

पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि रोखे, खतपत्रं बाहेर काढून होळी केली. चौकशीला नेमलेल्या आयोगानं कारणं शोधताना अमेरिकेतल्या युद्धाची तेजी आणि नंतरची मंदी यांचंही नाव घेतलं. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. १८५९च्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली होती. हेतू चांगला होता. पण दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि कूळ अंगठा उठवायचं. पुढे ओढलेली बाकी. लोकांनी कागदच जाळला यात मला काही नवल वाटत नाही.

एक खातं राहिलंय.

रॉबर्ट स्मॉल्स हा चार्ल्सटनच्या बंदरात काम करणारा गुलाम होता. मजुरीतला बहुतेक पैसा मालकाकडे जायचा. त्याची बायको हॅना आणि लहान मुलगी दुसऱ्या मालकाच्या मालकीच्या. दोघींना विकत घेण्याची बोलणी त्यानं केली. किंमत ठरली ८०० डॉलर. त्यानं साठवले १००. किती रात्री त्यानं तो हिशेब केला असेल, उरलेले ७०० किती वर्षांत जमतील, आणि मधल्या काळात मालकाला कर्ज झालं आणि त्यानं दोघींना दुसरीकडे विकलं तर?

१३ मे १८६२च्या पहाटे 'प्लँटर' ही दक्षिणेच्या सैन्याची आगबोट गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना स्मॉल्सनं धक्क्यावरून काढली. वाटेत हॅना आणि पोरं चढली. एकूण सोळा जण. त्यानं कप्तानाची गवती हॅट घातली आणि प्रत्येक किल्ल्यासमोरून जाताना ठरलेली शिटी वाजवली, फोर्ट समटरसमोरूनही. पल्ल्याबाहेर आल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून हॅनानं आणलेली पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. ब्यूफोर्टमधलं घर, ज्याच्या मागच्या झोपडीत तो जन्मला होता, युद्धाच्या काळातच थकलेल्या करापायी लिलावात निघालं. स्मॉल्सनं ते विकत घेतलं. आधीच्या मालकानं पुढे दावा लावला, तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथं घर स्मॉल्सचंच ठरलं. तोवर तो काँग्रेसमध्ये निवडून गेलेला होता.

हॅनाच्या मालकाच्या वहीत तो सौदा लिहिलेला होता की नुसता तोंडी होता, कुणास ठाऊक. लिहिलेला असेल तर एका बाजूला ठरलेले ८००, दुसऱ्या बाजूला १००. मी आबांच्या वहीतल्या एका कोऱ्या पानावर पेन्सिलनं तो मांडून पाहिला, त्यांच्यासारखा, उजवीकडे आकडे आणि खाली दुहेरी रेघ. रॉबर्ट स्मॉल्स, चार्ल्सटन. बाकी ७००. त्यापुढे 'पुढे ओढली' लिहायला पेन्सिल टेकवली, आणि उचलली.